विजेवरचे विमान: उडते खरे, पण किती दूर?

रस्त्यावर विजेच्या गाड्या आता नवलाईच्या राहिलेल्या नाहीत. त्यामुळे विमानांची पाळी कधी येणार, हा प्रश्न साहजिकच विचारला जातो. बातम्या वाचून मात्र गोंधळ वाढतो. अमेरिकेतील मोझेस लेक येथून २७ सप्टेंबर २०२२ रोजी ‘ॲलिस’ हे नऊ प्रवाशांसाठी आखलेले, पूर्णपणे विजेवर चालणारे विमान पहिल्यांदा उडाले. ते उड्डाण आठ मिनिटांचे होते आणि त्याचे जगभर कौतुक झाले. पण २०२५ च्या सुरुवातीला त्याच विमानाच्या कंपनीने बहुतेक कर्मचाऱ्यांना कमी करून काम थांबवले. अमेरिकेच्या ‘नासा’ या अवकाश संस्थेने ‘एक्स-५७ मॅक्सवेल’ या प्रायोगिक विमानावर अनेक वर्षे मेहनत घेतली आणि २०२३ मध्ये ते एकदाही न उडवता प्रकल्प बंद केला. दुसरीकडे, स्लोव्हेनियातील पिपिस्ट्रेल कंपनीच्या ‘वेलिस इलेक्ट्रो’ या दोन आसनी विमानाला युरोपच्या हवाई सुरक्षा संस्थेने २०२० मध्ये रीतसर प्रमाणपत्र दिले आणि ते तेव्हापासून शिकाऊ वैमानिकांना घेऊन उडत आहे.

एकाच तंत्रज्ञानाला एके ठिकाणी यश येते आणि दुसऱ्या ठिकाणी ते अडते, याचे कारण उत्साहाच्या किंवा पैशाच्या कमीजास्तपणात शोधण्याची गरज नाही. ते वजनाच्या साध्या हिशेबात आहे, आणि कागद-पेन्सिल घेऊन कोणालाही तो हिशेब तपासता येतो.

मोटर कधीच अडचण नव्हती

विजेवर उडण्याची कल्पना विमानापेक्षाही जुनी आहे. ९ ऑगस्ट १८८४ रोजी फ्रान्समध्ये शार्ल रनार आणि आर्थर क्रेब्स या दोन लष्करी अधिकाऱ्यांनी ‘ला फ्रान्स’ नावाचे वायुपोत बॅटरी आणि विजेच्या मोटरीवर सुमारे ८ किलोमीटर चालवले आणि २३ मिनिटांनी निघाल्या जागी परत आणून उतरवले. १९७३ मध्ये ऑस्ट्रियात माणसाला घेऊन उडणारे विजेवरचे पहिले विमान काही मिनिटे हवेत राहिले.

विजेची मोटर हे मुळातच उत्तम यंत्र आहे. ती मिळालेल्या विजेपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक वीज फिरण्याच्या कामी लावते, तिच्यात हलणारे भाग मोजके असतात, ती आवाज कमी करते, आणि विरळ हवेत इंजिनाची जशी दमछाक होते तशी तिची होत नाही. प्रश्न मोटरीचा नाही. तिला लागणारी वीज सोबत कशी न्यायची, हा आहे.

एका किलोत किती युनिट?

विजेच्या बिलावरचे ‘युनिट’ म्हणजे एक किलोवॉट-तास. हेच माप इंधनालाही लावता येते. जेट विमानात जे इंधन भरतात ते म्हणजे अतिशय शुद्ध केलेले रॉकेल होय. त्याच्या एका किलोत सुमारे १२ युनिट ऊर्जा असते. आजच्या चांगल्या लिथियम-आयन बॅटरीच्या एका किलोत पाव युनिट किंवा त्याहून थोडी अधिक ऊर्जा मावते. पण ते मोजमाप सुट्या सेलचे असते. हजारो सेल एकत्र बांधून त्यांना पेटी, थंड ठेवण्याची व्यवस्था, तारा आणि सुरक्षेची साधने जोडली की विमानात प्रत्यक्ष बसणाऱ्या बॅटरीच्या एका किलोमागे सुमारे ०.२ युनिटच उरते. म्हणजे किलोला किलो तोलले, तर फरक साठपटीचा आहे.

हा आकडा ऐकून लगेच निष्कर्ष काढणे मात्र अन्यायाचे होईल. जेट इंजिन जळलेल्या इंधनातील ३५ ते ४० टक्के ऊर्जाच विमान पुढे ढकलण्यासाठी वापरू शकते, बाकीची उष्णता म्हणून बाहेर जाते. मोटर आणि पंखा मिळून मात्र ७० ते ८० टक्के ऊर्जा कामी लावतात. त्यामुळे साठपटीचा फरक सुमारे तीसपटीवर येतो.

तीसपट म्हणजे किती, हे ‘एअरबस ए३२०’ सारख्या नेहमीच्या प्रवासी विमानावर ताडून पाहता येईल. हे विमान तासाला साधारण २.४ टन इंधन जाळते. तेवढेच काम बॅटरीकडून करून घ्यायचे, तर एका तासासाठी ७० टनांच्या आसपास बॅटरी लागेल. या विमानाचे रिकामे वजनच ४२ टनांच्या घरात असते, आणि ते जास्तीत जास्त ७९ टनांच्या आसपास वजन घेऊन धावपट्टी सोडू शकते. एकही प्रवासी आत बसण्यापूर्वी, फक्त एका तासासाठी, हिशेब तीस टनांनी चुकतो. मोठ्या विमानांचा प्रश्न निदान आजच्या बॅटरीपुरता इथेच संपतो.

इंधन संपते, बॅटरी संपत नाही

इंधनाचा आणखी एक गुण आहे, जो सहसा कोणाच्या लक्षात येत नाही: ते जळून जाते. डोंगर चढणारा माणूस पाण्याच्या बाटल्या घेऊन निघतो आणि पाणी पीत जातो तशी त्याची पाठपिशवी हलकी होत जाते. प्रत्येक बाटली रिकामी झाल्यावरही भरलेल्या बाटलीइतकीच जड राहिली असती, तर त्याला शेवटचा चढ कसा गेला असता याची कल्पना करावी. बॅटरी नेमकी तशी वागते. तिच्यातील वीज संपली तरी तिचे वजन जागचे हलत नाही.

याचा परिणाम विमानाच्या सांगाड्यापर्यंत पोहोचतो. ‘बोइंग ७८७-९’ हे विमान सुमारे २५४ टन वजन घेऊन उडू शकते, पण त्याला उतरताना १९३ टनांच्या आत असावे लागते; कारण वाटेत साठ-सत्तर टन इंधन जळणार, हे गृहीत धरूनच त्याची चाके आणि पंख आखलेले आहेत. बॅटरीवरचे विमान पूर्ण वजनानिशी उडते आणि पूर्ण वजनानिशीच जमिनीवर आदळते. ते सोसण्यासाठी सांगाडा अधिक भक्कम करावा लागतो, आणि भक्कम सांगाडा म्हणजे पुन्हा अधिक वजन.

दहा टनांच्या विमानाचा हिशेब

आता लहान विमानाकडे वळू. समजा, एक विमान एकूण १० टनांचे आहे. त्यातील साडेपाच टन सांगाडा, मोटर आणि आतील सामान, ३ टन बॅटरी, आणि उरलेल्या दीड टनात वैमानिकांसह पंधराएक माणसे व त्यांचे सामान. तीन टनांची बॅटरी म्हणजे ६०० युनिट.

विमान किती काटकसरीने उडते, हे सांगणारे एक माप आहे: इंजिन बंद करून १ किलोमीटर उंचीवरून सोडले, तर ते तरंगत किती किलोमीटर दूर जाईल? चांगल्या लहान प्रवासी विमानासाठी १७ किलोमीटर ही वाजवी अपेक्षा आहे. हे माप धरून गणित केले की प्रत्येक किलोमीटरला सुमारे २ युनिट लागतात, आणि ६०० युनिटांत विमान ३०० किलोमीटर जाते. ताशी ३०० किलोमीटर वेग धरला तर हे एका तासाचे उड्डाण झाले. ऐकायला वाईट नाही. जवळच्या दोन शहरांमधले अंतर एवढेच तर असते.

पण कोणतेही विमान टाकीच्या तळापर्यंत उडवायला परवानगी नसते. गंतव्य विमानतळावर धुके पडले, धावपट्टीवर दुसरे विमान अडकले, तर घिरट्या घालण्यासाठी किंवा दुसरीकडे जाण्यासाठी ऊर्जा शिल्लक असावीच लागते. या शिलकीला राखीव साठा म्हणतात. अमेरिकेच्या नियमांनुसार दिवसा, डोळ्यांनी दिसेल अशा हवेत उडताना किमान ३० मिनिटांचा, आणि रात्री किंवा केवळ उपकरणांच्या भरवशावर उडताना ४५ मिनिटांचा साठा ठेवावा लागतो. आपल्या विमानासाठी ४५ मिनिटे म्हणजे सुमारे २२५ किलोमीटर. तीनशेतून सव्वादोनशे वजा केले की प्रवाशांच्या वाट्याला उरतात ७५ किलोमीटर.

या विषयातील सगळ्यात महत्त्वाची वजाबाकी हीच आहे, असे मला वाटते. जाहिरातीत पहिला आकडा छापला जातो, विमान कंपनीला मात्र दुसऱ्या आकड्यावर व्यवसाय करायचा असतो. बॅटरीचा वाटा वाढवून पाहिला, तर साडेचार टन बॅटरीत ४५० किलोमीटर मिळतात, पण मग एकाही माणसासाठी जागा उरत नाही.

बॅटरी थोडी थकली, तर?

लिथियम-आयन बॅटरी वापरागणिक क्षीण होते. साधारण एक ते दोन हजार वेळा पूर्ण चार्ज होऊन संपली की तिची क्षमता ८० टक्क्यांवर येते. मोबाइलच्या बाबतीत याचा त्रास एवढाच, की संध्याकाळी एकदा जास्त चार्ज करावा लागतो. आपल्या विमानाचे मात्र ३०० किलोमीटर २४० वर येतात, राखीव २२५ तसेच राहतात, आणि प्रवासासाठी १५ किलोमीटर उरतात. बॅटरी पाचव्या भागाने थकली आणि उपयोग पाचव्या भागाइतकाच उरला. दिवसाला सहा उड्डाणे करणारे विमान दोन हजारांचा टप्पा वर्षाभरात गाठते.

हा केवळ कागदावरचा धोका नाही. टेकनाम ही इटलीतील विमान कंपनी ‘पी-व्होल्ट’ नावाचे नऊ आसनी विजेवरचे विमान २०२६ पर्यंत आणणार होती. २०२३ मध्ये तिने ते काम थांबवले आणि कारणही स्पष्ट सांगितले: काही शे उड्डाणांनंतरच संपूर्ण बॅटरीसंच बदलावा लागेल, आणि तो खर्च कोणत्याही विमान कंपनीला परवडणार नाही. अपयश इतक्या प्रांजळपणे मांडणाऱ्या कंपन्या थोड्या असतात. त्या निवेदनाने या क्षेत्राचे भलेच केले, असे माझे मत आहे.

थकलेल्या बॅटरीचा दुसरा धोका अखेरच्या मिनिटात असतो. विमान उतरत असताना धावपट्टीवर अचानक अडथळा दिसला, तर वैमानिकाला उतरणे रद्द करून पूर्ण जोर लावून पुन्हा वर जावे लागते. इंधनाची टाकी जवळजवळ रिकामी असली तरी इंजिन पूर्ण जोर देते. बॅटरीचे तसे नाही. तळाशी आलेल्या बॅटरीवर मोठा भार टाकला की तिचा दाब, म्हणजे व्होल्टेज, कोसळतो. सर्वाधिक ताकद नेमकी तेव्हा लागते, जेव्हा बॅटरी सर्वाधिक अशक्त असते. म्हणून तिचा तळाचा काही भाग न वापरताच ठेवावा लागतो, आणि पंच्याहत्तरातूनही थोडे कमी होतात.

मोटारीला जमते, मग विमानाला का नाही?

मोटारीचे वजन रस्ता पेलतो. बॅटरीमुळे ती चार-पाचशे किलोंनी जड झाली, तरी सपाट रस्त्यावर चाके थोडीच जास्त रोध देतात, आणि ब्रेक लावताना गेलेल्या ऊर्जेचा काही भाग परत मिळतो. विमानाला मात्र स्वतःचे वजन प्रत्येक क्षणी स्वतःच पेलावे लागते. वजन दुप्पट झाले की ते तोलण्यासाठी लागणारी ऊर्जाही जवळपास दुप्पट होते.

पंखांवर सौर पट्ट्या लावल्या तर?

‘सोलर इम्पल्स २’ या विमानाने २०१५-१६ मध्ये केवळ सूर्यप्रकाशावर पृथ्वीप्रदक्षिणा पूर्ण केली, हे खरे आहे, आणि बर्ट्रांड पिकार व आंद्रे बोर्शबर्ग या दोघा वैमानिकांच्या चिकाटीला तोड नाही. जपान ते हवाई हा टप्पा बोर्शबर्ग यांनी एकट्याने, जवळजवळ ११८ तास उडून पार केला. पण त्या विमानाचे पंख एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ७२ मीटर होते, वजन अवघे २.३ टन होते, वेग मोटारीएवढा होता आणि आत एकच माणूस बसू शकत होता. याच टप्प्यात बॅटऱ्या अतिउष्ण झाल्याने त्यांना पुढचा प्रवास अनेक महिने थांबवावा लागला.

प्रवासी विमानाचे गणित वेगळे आहे. ए३२० च्या पंखांचे क्षेत्रफळ सुमारे १२२ चौरस मीटर आहे. ढगांच्या वर, भर दुपारी, उत्तम पट्ट्यांतून तिथे तीस-पस्तीस किलोवॉट वीज मिळेल. विमानाला एका उंचीवर स्थिर वेगाने उडत राहायला त्याच्या दोनशेपटीहून अधिक शक्ती लागते.

उडताना वाऱ्यावर पंखे फिरवून चार्जिंग होणार नाही का?

हा प्रश्न फार जण विचारतात, आणि तो विचारण्यात काही चूक नाही. सायकलचा डायनामो ज्यांनी वापरला आहे, त्यांना उत्तर पायांतून कळलेले असते. डायनामो चाकाला टेकवला की दिवा लागतो, पण त्याच क्षणी पायडल जड होते. विमानाला लावलेला पवनपंखाही असाच विमानाला मागे ओढेल, आणि ती ओढ मोडून काढायला मोटरीला जितकी जास्त वीज लागेल, तितकी त्या पंख्यातून कधीच परत मिळणार नाही. मोठ्या विमानांत असा एक छोटा पंखा खरोखर असतो, पण तो फक्त संकटकाळी, सर्व वीजपुरवठा बंद पडला तर बाहेर काढायचा असतो.

चार्जिंग आणि आग

इंधनाच्या जाड नळीतून मिनिटाला हजार लिटर इंधन सहज जाते. ऊर्जेच्या भाषेत ते मिनिटाला साडेनऊ हजार युनिट झाले. आपल्या विमानाची ६०० युनिटांची बॅटरी अर्ध्या तासात भरायची, तर मिनिटाला २० युनिट द्यावे लागतील, आणि तेवढ्यासाठीही १,२०० किलोवॉटची जोडणी लागेल. म्हणजे मोटारींसाठीचे १५० किलोवॉटचे आठ वेगवान चार्जर एकाच विमानाला लावल्यासारखे. अशी दहा विमाने एका वेळी उभी असतील, तर विमानतळाला स्वतंत्र वीज उपकेंद्र बांधावे लागेल. हे अशक्य नाही, फक्त त्याची तजवीज विमान येण्यापूर्वी काही वर्षे करावी लागते.

आगीची भीतीही निराधार नाही. जानेवारी २०१३ मध्ये दोन बोइंग ७८७ विमानांतील छोट्या लिथियम-आयन बॅटऱ्या पेटल्या किंवा धुमसल्या. उडण्यासाठी त्यांचा काही संबंध नव्हता, तरी जगभरातील सगळी ७८७ विमाने काही महिने जमिनीवर ठेवावी लागली. उपाय म्हणून बॅटरी पोलादी पेटीत बंद करून धूर बाहेर टाकणारी नळी जोडली गेली. म्हणजे सुरक्षेची किंमतही शेवटी वजनातच मोजावी लागली.

मग ते कुठे चालते?

जिथे दूर जायचेच नसते, तिथे. विमान चालवायला शिकणारा माणूस सुरुवातीचे कित्येक तास एकाच धावपट्टीभोवती फिरतो: उड्डाण, एक वळसा, उतरणे, पुन्हा उड्डाण. विमानतळ कायम नजरेत असतो. वेलिस इलेक्ट्रो हेच काम करते. बॅटरीसह त्याचे वजन ४२८ किलो आहे, उडण्याची कमाल मर्यादा ६०० किलो, म्हणजे शिक्षक आणि विद्यार्थी मिळून १७२ किलो. दोघे धिप्पाड असतील, तर विमान उडवता येत नाही, इतका हिशेब काटेकोर आहे. राखीव साठा सोडून ते सुमारे ५० मिनिटे उडते, आणि एका धड्याला तेवढा वेळ पुरतो. मोटर शांत असल्यामुळे धावपट्टीजवळ राहणाऱ्यांनाही दिवसभराच्या घरघरीतून सुटका मिळते. ही गोष्ट मला छोटी वाटत नाही.

सरळ वर उठणाऱ्या ‘हवाई टॅक्सी’चे गणित याहून अवघड आहे, कारण जागच्या जागी तरंगताना पंखांचा आधार नसतो आणि सगळे वजन मोटरीच पेलतात. लिलियम आणि व्होलोकॉप्टर या दोन्ही जर्मन कंपन्यांनी २०२४ मध्ये दिवाळखोरीसाठी अर्ज केले.

यातून प्रदूषण किती कमी होईल?

इथे प्रामाणिक राहायला हवे. युरोपातील २०२० च्या आकडेवारीनुसार पाचशे किलोमीटरांपेक्षा कमी अंतराची उड्डाणे एकूण उड्डाणांच्या साधारण चौथा हिस्सा होती, पण त्यांच्यातून निघालेला कार्बन डायऑक्साइड सुमारे चार टक्केच होता. चार हजार किलोमीटरांहून लांबची उड्डाणे अवघी सहा टक्के होती, आणि निम्मा कार्बन डायऑक्साइड त्यांचा होता. बॅटरी जिथे पोहोचू शकते तिथे धूर थोडा आहे, आणि जिथे धूर जास्त आहे तिथे ती पोहोचत नाही. लांब पल्ल्यासाठी वनस्पतिजन्य कचऱ्यापासून किंवा विजेच्या साहाय्याने बनवलेले द्रव इंधन हाच आज दिसणारा मार्ग आहे. हायड्रोजनच्या एका किलोत ३३ युनिट असतात, पण तो उणे २५३ अंशांवर द्रवरूपात ठेवावा लागतो आणि तेवढ्याच ऊर्जेसाठी जेट इंधनाच्या चौपट जागा व्यापतो.

बॅटरी सुधारणार नाही का?

सुधारते आहे. १९९१ मध्ये लिथियम-आयन बॅटरी बाजारात आली तेव्हा किलोला ०.०८ युनिटच्या आसपास ऊर्जा मावत होती. तीस-बत्तीस वर्षांत ती तीन-चार पट झाली. २०२३ मध्ये सीएटीएल या चिनी कंपनीने किलोला अर्धा युनिट देणारा सेल जाहीर केला. समजा, विमानातील संपूर्ण बॅटरीसंच किलोला ०.२ ऐवजी ०.४ युनिट देऊ लागला. आपले विमान मग ३०० ऐवजी ६०० किलोमीटर जाईल. राखीव २२५ वजा केले, की ३७५ उरतील. बॅटरी दुप्पट झाली आणि उपयोगाचे अंतर ७५ वरून ३७५ वर, म्हणजे पाचपट झाले. थकलेल्या बॅटरीने जी वजाबाकी आपल्यावर उलटवली होती, तीच इथे आपल्या बाजूने काम करते. म्हणून या क्षेत्रातील प्रगती अनेक वर्षे दिसणार नाही आणि मग एकदम दिसेल, असा माझा अंदाज आहे.

तोवर थांबायचे नसेल, तर राखीव साठ्याच्या वजनालाच हात घालावा लागतो. स्वीडनमध्ये सुरू झालेल्या हार्ट एअरोस्पेस कंपनीने आधी १९ आसनांचे केवळ बॅटरीवर उडणारे विमान आखले होते. २०२२ मध्ये तिने ते सोडून ३० आसनांचे, २०० किलोमीटर विजेवर आणि ४०० किलोमीटरपर्यंत इंधनाच्या मदतीने जाणारे विमान जाहीर केले. काहींना ती माघार वाटली. पण आपल्या दहा टनांच्या विमानात तीन टनांपैकी सव्वादोन टन बॅटरी केवळ न येणाऱ्या संकटासाठी वाहिली जात होती. तेच काम शंभर-सव्वाशे किलो इंधन आणि वीज बनवणारे एक छोटे इंजिन करू शकते. मग रोजचा प्रवास बॅटरीवर होतो, आणि धुके नसलेल्या दिवशी ते इंधन टाकीतच, न जळता, परत येते.